राजकन्येची पाठ

सिनेमा चालू असताना मध्येमध्ये बोलणाऱ्या माणसाला लोक एरवी हाताला धरून बाहेर काढतात. फलाटकरांना त्यांनी माइकसमोर बसवलं, आणि सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

फलाटकर हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ते बस स्थानकावर निवेदक होते. कोणती गाडी कोणत्या फलाटाला लागणार आणि कोणती आज लागणारच नाही, हे एकाच थंड, भारदस्त आवाजात सांगायची त्यांची नोकरी. इमारतीतल्या कुणीतरी गमतीने हे नाव ठेवलं आणि ते इतकं चिकटलं की दुधाच्या बिलावरही तेच यायला लागलं. त्यांचा आवाज अख्खं शहर ओळखायचं, चेहरा कुणीच ओळखायचं नाही. बसमध्ये शेजारी बसलेला माणूस त्यांच्याच आवाजाच्या नावाने बोटं मोडायचा आणि वर त्यांच्याकडेच दुजोरा मागायचा. अशा माणसाला आयुष्यात एकदा चारचौघांसमोर चेहऱ्यासकट बोलावंसं वाटलं, तर त्यात बिचाऱ्याचं काय चुकलं?

समोरच्या दारात एक दंतवैद्य राहायचे. दर रविवारी दुपारी डॉक्टर आणि फलाटकर एकत्र बसून जुने पोशाखी सिनेमे बघायचे. राजा, राजकन्या, सेनापती, पुठ्ठ्याचा किल्ला, असे ते सिनेमे. डॉक्टर त्यांना 'चपलापट' म्हणायचे. त्यांचं म्हणणं असं की या सिनेमांत निर्मात्याचा सगळा पैसा तलवारी आणि गुडघ्यापर्यंत पट्टे गुंडाळलेल्या चपलांवर संपायचा, मधल्या शरीरासाठी कापड घ्यायला काही उरायचं नाही. दोघं सिनेमा बघायचे म्हणजे काय, तर त्याची खेचायचे. डोंगरामागून सैन्य निघालं की फलाटकर आपल्या सरकारी आवाजात सांगायचे, "डोंगरामागून सुटणारं सैन्य फलाट क्रमांक चारवर येत आहे. हेच सैन्य मागून वळसा घालून पुन्हा येईल, तरी प्रवाशांनी गर्दी करू नये." राजाने गर्जना करायला तोंड उघडलं की डॉक्टर म्हणायचे, "खालची दाढ काढावी लागेल, महाराज." फलाटकरांची बायको आतल्या खोलीत हसायची, पण हसू ऐकू गेलं तर दोघं चेकाळतील म्हणून उशीत तोंड घालून हसायची.

इमारतीला पंचवीस वर्षं पूर्ण झाली तेव्हा समितीच्या अध्यक्षांनी कार्यक्रमाचा विषय काढला. अध्यक्ष वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. कोणत्याही गोष्टीकडे ते आधी कमी भरतेय का या नजरेने बघायचे. गाण्यांचा कार्यक्रम झाला होता, जादूचे प्रयोग झाले होते, आरोग्य शिबिरात तर लोकांनी नुसताच चहा प्यायला होता. तेव्हा कुणीतरी सुचवलं की या दोघांना एक भंगार सिनेमा लावून द्या आणि मनसोक्त बोलू द्या. फलाटकरांनी दोनदा नको म्हटलं. तिसऱ्यांदा कुणी विचारणार नाही अशी लक्षणं दिसताच लगेच हो म्हटलं.

सिनेमा निवडायला वेळ लागला नाही. 'भुजंगसेनाचा सूड' हा त्या दोघांच्या मते सगळ्या चपलापटांचा बाप होता. त्यात राजवाड्याचा खांब प्रधानाने टेकताच हलायचा. भुजंगसेनाची दाढी एका बाजूने सुटलेली असायची, म्हणून तो सबंध सिनेमाभर दुसऱ्या बाजूने बोलायचा. एका मरणाऱ्या सैनिकाच्या दंडावर लस टोचल्याची खूण होती. सिनेमा इतका पडला होता की तो कधी लागला हेच कुणाला आठवत नव्हतं. डॉक्टरांना त्याची प्रत एका पेशंटकडून मिळाली होती, अक्कलदाढेच्या बदल्यात.

मग सल्ले सुरू झाले. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं की नावात भुजंग आहे तर सिनेमात साप आहे का, कारण साप दिसला की त्यांना घेरी येते. साप नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला, मग नाव कशाला असलं ठेवलं म्हणाल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांनी फलाटकरांना जिन्यात गाठून गंभीरपणे विचारलं की भुजंगसेनाचे कुणी वारस हयात आहेत का. अहो, तो राजा काल्पनिक आहे, असं फलाटकरांनी सांगितल्यावर वकीलसाहेब म्हणाले की काल्पनिक राजाचे वारसच जास्त चिडतात. अध्यक्षांनी तर फलाटकरांना घरी बोलावून घेतलं आणि एकूण विनोद किती वजनाचे असतील असं विचारलं. म्हणजे हलकेफुलके किती आणि लागणारे किती. लागणारे विनोद कुणाच्या नावावर घ्यायचे याचीही त्यांना काळजी होती. फलाटकरांनी शब्द दिला की एकही विनोद कुणा जिवंत माणसाला लागणार नाही. हा शब्द त्यांनी मनापासून दिला होता, एवढं त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवायला हरकत नाही.

खरी पंचाईत परवाना कार्यालयात झाली. सार्वजनिक कार्यक्रम म्हटला की परवाना आला. तिथल्या साहेबांनी चष्मा वर करून विचारलं, हे नाटक आहे की सिनेमा? सिनेमा आहे, पण आम्ही त्यावर बोलणार आहोत, असं फलाटकर म्हणाले. मग भाषण आहे का? तसं नाही, सिनेमा चालू असतानाच बोलणार.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "सिनेमा चालू असताना बोलणं हा कार्यक्रम नसतो. ती तक्रार असते. त्याची खिडकी शेजारी आहे."

फलाटकरांनी पुष्कळ समजावलं. शेवटी साहेबांनी विनोद लिहून आणायला सांगितले. ते वाचताना त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. दाढीच्या विनोदावर मात्र ते थबकले, आत जाऊन वरिष्ठांना विचारून आले, आणि वरिष्ठांनाही दाढी असल्याचं सांगून त्यांनी तो कापला. त्यांच्या यादीत नाटक होतं, गायन होतं, कुस्ती होती, सर्कस होती, पण सिनेमाची टिंगल बसेल असा रकाना नव्हता. सर्वांत जवळचा रकाना होता 'मार्गदर्शनपर व्याख्यान, सचित्र'. साहेबांनी तोच भरला, आणि परवान्यावर जे लिहिलंय तेच फलकावर लिहावं लागेल अशी अट घातली. त्यामुळे इमारतीच्या दारावर सुबक अक्षरांत फलक लागला : 'पुरातन युद्धकला : सचित्र व्याख्यान. व्याख्याते फलाटकर आणि दंतवैद्य. सर्वांना प्रवेश.'

या फलकाने घात केला. फलाटकरांच्या बायकोने गंमत म्हणून तो आपल्या वडिलांना फोनवर वाचून दाखवला. आता हे सासरे म्हणजे भलतं प्रकरण होतं. निवृत्त मुख्याध्यापक. इस्त्री केलेला सदरा घालूनच झोपतात अशी फलाटकरांना कायम शंका. व्याख्यान म्हटलं की ते जीव टाकायचे. पुढच्या रांगेत बसायचे आणि शेवटी उभे राहून शंका विचारायचे. जावई दिवसभर माइकवर ओरडतो, यापलीकडे त्यांनी जावयाची कधी दखल घेतली नव्हती. तो युद्धकलेवर व्याख्यान देणार हे ऐकून त्यांनी फलक पुन्हा एकदा वाचायला लावला. मग ते म्हणाले, "माणूस वाटतो तसा नसतो. आम्ही दोघंही येतो."

बायकोने खरं काय ते सांगायचा प्रयत्न केला, पण मुख्याध्यापकांनी फोन ठेवलेला होता. ती नवऱ्याला म्हणाली, "तुम्हीच सांगा आता." फलाटकर सांगणारही होते. पण सासरे सकाळी दारात उतरले, त्यांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला, आणि जमेल तितक्या मायेने तो दाबला. लग्नानंतर पहिल्यांदाच. सांगायचं सोडून फलाटकरांनी त्यांची पिशवी उचलून आत नेली. एकदा बघायला बसले की तेही हसतील, असं त्यांनी मनाला समजावलं. मनालाही ते पटलं नाही, पण मन काही बोललं नाही.

सासूबाई नेहमीप्रमाणे मागून आल्या. त्या कधी कुणाच्या अध्यातमध्यात नसत. बोलल्याच तर चहा टाकू का, पंखा लावू का, एवढंच. रस्ता ओलांडताना सासरे त्यांचा हात धरून त्यांना पलीकडे न्यायचे आणि त्या मान खाली घालून जायच्या. फलाटकरांना त्यांच्याबद्दल इतकीच माहिती होती की त्या अतिशय साध्या आहेत आणि त्यांना दगदग सोसत नाही. ही माहिती त्यांना सासऱ्यांनी पुरवली होती.

संध्याकाळी तळमजल्यावरचं सभागृह गच्च भरलं. टेबल टेनिसचं टेबल भिंतीला उभं करून त्यावर पांढरी चादर ताणली होती, तोच पडदा. सासरे पुढच्या रांगेत वही-पेन घेऊन बसले. शेजारी सासूबाई, मांडीवर पिशवी. बायको त्यांच्या मागच्या रांगेत, आपण या घरच्या नाहीच असा चेहरा करून.

सुरुवातीला सगळं झकास झालं. सैन्य डोंगरामागून निघालं आणि फलाटकरांनी फलाट क्रमांक जाहीर केला तेव्हा सभागृह असं हसलं की टेबल टेनिसचं टेबल हललं आणि भुजंगसेनाचा राजवाडाही हलला, तो तसाही हलणारच होता. लस टोचलेल्या सैनिकावर डॉक्टर म्हणाले की या राज्यात इतर काही नसेल पण आरोग्यखातं चोख आहे. पहिल्या मजल्यावरच्या काकूंना हसताना घेरी आली, साप नसतानाही. फक्त सासरे हसत नव्हते. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं, खोडलं, आणि पेनचं टोपण लावून टाकलं. फलाटकरांनी ते पाहिलं, पण आता चारशे माणसांसमोर असल्यासारखं त्यांना वाटत होतं, जरी सभागृहात शंभरही मावत नव्हती. आयुष्यात प्रथमच लोक त्यांच्या आवाजाकडे नव्हे, त्यांच्याकडे बघत होते. अशा वेळी माणूस सासऱ्याचं टोपण किती वेळ बघणार?

मग राजकन्येची लढाई आली. या प्रसंगासाठीच तर त्यांनी हा सिनेमा निवडला होता. समोरून दिसायची ती राजकन्या नाजूक, घाबरट, पापण्या फडफडवणारी. पण तलवार चालवायची वेळ आली की कॅमेरा मागे जायचा आणि दिसायची फक्त पाठ. रुंद खांद्यांची, दणकट. ती पाठ भिंतीवरून उडी मारायची, दोरावरून घसरायची, एका फटक्यात तीन सैनिक आडवे करायची. मग पुन्हा समोरून नाजूक राजकन्या, कपाळावरचा घाम टिपत.

"राजकन्या युद्धाला स्वतः जात नाही," फलाटकर म्हणाले, "ती पाठ पाठवते."

सभागृह कोसळलं. डॉक्टरांनी धागा पकडला. समोरून कमळ आणि मागून हमाल. केसांच्या टोपाआड मिशी दडवलेली आहे, बघा, मान वळवत नाही तो मिशीमुळेच. पहिलवानाला बिचाऱ्याला बांगड्या घालायला लावल्या, घरी जाऊन बायकोला काय सांगितलं असेल. फलाटकरांनी तर पहिलवानाच्या बायकोचा आवाज काढून दाखवला. लोक एकमेकांच्या अंगावर पडत होते.

पुढच्या रांगेत सासूबाई उभ्या राहिल्या. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. पडद्यावर त्यांची सावली पडली तेव्हा मागून कुणीतरी बसा, बसा म्हणालं. त्या बसल्या नाहीत. त्यांनी पिशवी खुर्चीवर ठेवली आणि नेहमीच्या, चहा टाकू का विचारायच्या आवाजात म्हणाल्या, "तो पुरुष नाहीये. ती मी आहे."

हसू एकदम थांबत नाही, कडेकडेने विझत जातं. तसं ते विझलं. काही लोकांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग असावा, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी फलाटकरांचं तोंड पाहिलं आणि टाळ्या थांबल्या. फलाटकरांचं तोंड उघडं होतं आणि माइक त्याच्यासमोरच होता, तरी त्यातून काहीही येत नव्हतं. डॉक्टर, ज्यांनी उभा जन्म लोकांना तोंड उघडायला सांगण्यात घालवला, ते स्वतःचं मिटू शकत नव्हते. वकीलसाहेब जागेवरून अर्धवट उठले. वारस हयात आहेत का असं विचारलं होतं, ते असे निघाले.

पडद्यावर सिनेमा चालूच होता. ती पाठ आता राजवाड्याच्या जिन्यावर होती. वरून कुणीतरी ढाल फेकली, आणि ती बाई पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत गडगडत खाली आली.

सासरे इतका वेळ पुतळ्यासारखे होते. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे. मग अगदी हळू विचारलं, "तो जिना... हाच का?"

"हाच," सासूबाई म्हणाल्या.

याचा उलगडा सभागृहात कुणालाही झाला नाही, फक्त मागच्या रांगेत फलाटकरांच्या बायकोने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. घरात ही गोष्ट तिने शेकडो वेळा ऐकली होती. आई-वडिलांची पहिली भेट झाली तेव्हा आईचा हात प्लॅस्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला होता. कशाने झालं असं वडिलांनी विचारलं आणि आईने सांगितलं, जिन्यावरून पडले. ते ऐकून तरुण शिक्षकाचं काळीज पाघळलं. इतकी नाजूक मुलगी, साधा जिना उतरता येत नाही, हिला जपायला हवं. तिथेच त्यांनी होकार दिला, आणि त्या दिवसापासून ते तिला जिन्यावर पुढे जाऊ देत नव्हते.

फलाटकरांचा हात सिनेमा बंद करायला पुढे झाला. सासूबाईंनी तिथूनच नको म्हटलं. "चालू द्या, जावईबापू. मी हा पाहिलेला नाही." आणि त्या खाली बसल्या.

त्यांचं खरंच होतं. त्यांच्या वडिलांची व्यायामशाळा होती आणि मुलींमध्ये तलवार त्यांच्याइतकी कुणाची फिरत नव्हती. मामा स्टुडिओत सुतार होता, तो त्यांना न्यायचा. घरी सगळ्यांना शिवणाचा क्लास सांगितलेला. मग लग्न ठरलं, क्लास सुटला. हा सिनेमा कुठे लागला, कधी पडला, त्यांना कुणी कळवलं नाही. हे सगळं नंतर कळलं. त्या वेळी सभागृहाला एवढंच कळत होतं की पुढच्या रांगेतली एक म्हातारी बाई स्वतःला पहिल्यांदा बघते आहे, आणि आपल्याला श्वाससुद्धा जपून घ्यायला हवा.

फलाटकर माइकसमोर बसून राहिले. उठून जावं तर कुठे जावं, आणि बोलावं तर काय बोलावं. भुजंगसेनाची दाढी शेवटी दोन्ही बाजूंनी सुटली तेव्हा सवयीने डॉक्टर काहीतरी बोलायला गेले आणि अख्ख्या सभागृहाने त्यांना असं गप्प केलं की पुढचे दोन दिवस ते पेशंटशीही खुणांनी बोलत होते. सिनेमातली राजकन्या समोरून विजयाचं भाषण करू लागली. हातात तलवार होती, तिचं टोक थरथरत होतं. सासूबाई स्वतःशीच पुटपुटल्या, पण त्या शांततेत ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं.

"बाई फार चांगली होती. पण तिला तलवार हातात दिली की ती आईला हाक मारायची."

त्यावर जे हसू फुटलं तसं फलाटकरांच्या एकाही विनोदाला मिळालं नव्हतं. हे त्यांच्या लक्षात आलं, आणि अशा प्रसंगीही ते लक्षात यावं याची त्यांना लाज वाटली. लाज वाटली तरी ते लक्षातून गेलं नाही.

शेवटी अध्यक्षांनी आभार मानले. व्याख्यान वजनदार झालं, असं ते म्हणाले. व्याख्यात्यांसाठी आणलेला फुलांचा गुच्छ घेऊन ते फलाटकरांच्या दिशेने निघाले, वाटेत त्यांनी विचार बदलला, आणि तो सासूबाईंना दिला. फलाटकर गुच्छासाठी उभे राहिलेले होते. ते तसेच टाळ्या वाजवू लागले, म्हणजे आपण त्यासाठीच उभे राहिलो असं दिसावं.

घरी बायकोने जेवण वाढताना एवढंच म्हटलं, "माझ्या आईच्या पाठीला हमाल म्हणालात." हमाल डॉक्टर म्हणाले होते, पण हा मुद्दा मांडायची ही वेळ नव्हती. सासरे गॅलरीत खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसले. फलाटकर क्षमा मागायला त्यांच्यामागे जाऊन उभे राहिले. सासऱ्यांनी वळून पाहिलं नाही.

"चाळीस वर्षं," ते म्हणाले, "मी हिला हात धरून रस्ता ओलांडतो. जपून चाल म्हणतो. हिने एकदाही सांगितलं नाही."

सासूबाई दारात आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सांगितलं असतं तर धरला असतात का?"

एखादं गणित फळ्यावर मांडून मुलांसमोरच अडावं तसे सासरे बसून राहिले. जेवायला मात्र आले, आणि पाण्याचा तांब्या त्यांनी स्वतः उठून घेतला. त्यांच्या घरात ही घटना सिनेमापेक्षा मोठी होती.

सकाळी ते बरेच सावरलेले दिसले. चहा घेताना त्यांनी घसा खाकरला आणि या विषयावर आपण रात्रभर विचार केल्याचं जाहीर केलं. बायकोने कष्ट केले, ते प्रामाणिक होते, झालं ते झालं. नायिकांच्या जागी दुसऱ्याच बायका उड्या मारायच्या हे कळून धक्का बसला, पण धक्का पचवणं हेच शिक्षण. मग त्यांचा आवाज थोडा मऊ झाला. म्हणाले, पण सगळेच काही तसे नव्हते. त्यांच्या तरुणपणी एक नट होता, पांढऱ्या घोड्यावरून यायचा. त्याचे सगळे सिनेमे त्यांनी पाहिले होते. मुख्याध्यापकांच्या तोंडून सिनेमा हा शब्द ऐकून लेकीच्या हातातली बशी वाजली. त्या नटासारखे केस मागे वळवून ते पहिल्या भेटीला गेले होते. तो दरीवरून घोडा उडवायचा, जळत्या दारातून जायचा, सगळं स्वतः. त्याच्याकडे बघून त्यांनी ठरवलं होतं की माणसाने आयुष्यात कशाला घाबरायचं नाही.

"तुम्ही आणा त्याचा सिनेमा या रविवारी," ते फलाटकरांना म्हणाले. "आणि करा टिंगल. एक शब्द बोलता येणार नाही तुम्हाला. माझं आव्हान आहे."

फलाटकरांना एवढं हलकं गेल्या कित्येक तासांत वाटलं नव्हतं. सासरे पुन्हा बोलत होते, वर आव्हान देत होते. म्हणजे माफी मिळाल्यातच जमा होती. ते कपबशा घेऊन उत्साहाने स्वयंपाकघरात गेले. सासूबाई ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. ती पाठ बघून फलाटकर आपोआप दोन पावलं लांब थांबले.

"आई," ते म्हणाले, "काल जे बोललो त्याबद्दल..."

"ते राहू द्या. पहिलवानाच्या बायकोचा आवाज चांगला काढलात." त्यांनी नळ बंद केला आणि बाहेर कान देऊन आवाज खाली आणला. "रविवारी तो पांढऱ्या घोड्याचा सिनेमा आणाल, तेव्हा जरा सांभाळून."

फलाटकरांना समजलं नाही. का, असं त्यांनी विचारलं.

"तो घोड्याला फार भ्यायचा हो. घोडा शिंकला तरी खुर्चीवर चढून बसायचा. उंचीनेही बेताचाच, चपलेला टाच लावून उभा करायचे. पुरुषांतलं कुणी त्याच्या मापाचं मिळेना." सासूबाईंनी हात पुसले. "घोड्यावर आहे ती मीच. दरीवरून, जळत्या दारातून, सगळीकडे. त्याचे पाच सिनेमे केले मी."

फलाटकरांनी कपबशा खाली ठेवल्या, कारण त्या आपोआप खाली जाणारच होत्या.

"यांना सांगू नका," सासूबाई म्हणाल्या. "काल एवढं ऐकलंय त्यांनी. हा एक तरी राहू दे त्यांच्याकडे."

रविवारी सिनेमा आला. डॉक्टर आले, त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. सासरे मधोमध बसले, इस्त्रीच्या सदऱ्यात, केस मागे वळवून. पांढरा घोडा दिसताच डॉक्टरांच्या अंगात रविवार संचारला. म्हणाले, हा घोड्यावर बसला की एकदम वेगळाच दिसतो हो, कंबर तर बघा याची. फलाटकरांनी त्यांच्या पायावर पाय दिला. डॉक्टरांना वाटलं चुकून पडला, त्यांनी पुन्हा तोंड उघडलं, आणि फलाटकरांनी गाडी रद्द झाल्याच्या आवाजात सांगितलं की या कलाकाराबद्दल या घरात कुणीही काही बोलायचं नाही. डॉक्टरांनी आश्चर्याने मित्राकडे पाहिलं. फलाटकरांच्या कपाळावर घाम होता.

घोडा दरीच्या काठाशी आला. क्षणभर थबकला, आणि स्वारासकट हवेत उडाला. स्वार त्याच्या मानेवर वाकलेला, एका हातात लगाम, दुसऱ्या हातात तलवार. पलीकडच्या काठावर घोड्याचे पाय टेकले, धूळ उडाली, आणि धुळीतून ती पाठ ताठ होत गेली.

सासऱ्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी जावयाच्या गुडघ्यावर थाप मारली. "बघा, जावईबापू. पुरुष असावा तर असा."

"खरं आहे, बाबा," फलाटकर म्हणाले. "असा पुरुष पुन्हा होणे नाही."

सासूबाईंनी बिस्किटांची बशी त्यांच्यापुढे केली आणि चहा गार होतोय म्हणाल्या.